गव्हाची खीर, खसखस आणि एक रिकामं ताट



डिसेंबर महिना आहे. तुरीच्या शेंगा भरत आल्यात, हरभरा घाट्यावर यायचाय, आणि नाताळ चार दिवसांवर आलाय. आपल्या जिल्ह्यात नाताळ साजरा करणारी घरं आहेत. तिथे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, केक असा फराळ होतो आणि शेजारीपाजारी डबे जातात. आज मात्र मी तुम्हाला पोलंड नावाच्या देशातलं नाताळचं गोडधोड सांगणार आहे. कोणी म्हणेल, "बाई, मेहकर-चिखलीच्या बायकांना पोलंडचं काय घेणंदेणं?" घेणंदेणं आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे सुमारे ५,००० लोक आपल्याच महाराष्ट्रात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात राहायला होते. १९४३ पासून १९४८ पर्यंत. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं होती. म्हणजे चार-पाच नाताळ त्यांनी पंचगंगेच्या खोऱ्यात काढले.

ते इथवर कसे आले, ते आधी ऐका. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने चाल केली. रशियाने घेतलेल्या पूर्व भागातून फेब्रुवारी १९४० पासून कुटुंबंच्या कुटुंबं उचलून मालगाड्यांत भरली आणि सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. थोडकं सामान घ्यायला सवड मिळाली तेवढीच. जंगलतोड, उपासमार, टायफॉइड यांत किती तरी माणसं गेली. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला. रशियाचा आणि पोलंडच्या सरकारचा समझोता झाला, आणि हे लोक सुटले. पुरुष फौजेत गेले. बाया आणि मुलं १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. तिथून काही आफ्रिकेत गेली आणि काही हिंदुस्थानात आली. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या जामसाहेबांनी शेकडो अनाथ मुलांना आसरा दिला. सगळ्यांत मोठी वसाहत मात्र आपल्या कोल्हापूर संस्थानातली, वळिवड्याची. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता.

आता गोडाकडे येऊ. पण पोलंडचा नाताळ समजून घेतल्याशिवाय त्याचं गोड समजायचं नाही.

पोलंडमध्ये नाताळचं मोठं जेवण २५ तारखेच्या दुपारी नसतं, ते २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतं. त्याला ते 'विगिल्या' म्हणतात, म्हणजे जागरण. दिवसभर उपवास. अंधार पडू लागला की घरातली पोरं खिडकीशी जाऊन आकाशाकडे बघत बसतात. पहिली चांदणी दिसली की उपवास सोडायचा. संकष्टीला चंद्राची वाट बघणाऱ्या आपल्या बायांना ते वेगळं सांगायला नको. मेजावर पांढऱ्या कापडाखाली थोडं वाळलेलं गवत ठेवतात, कारण येशूचा जन्म गोठ्यात झाला. मग 'ओप्वातेक' नावाची कागदासारखी पातळ, पिठाची पापडी घेऊन एकमेकांना त्यातला तुकडा मोडून द्यायचा आणि भलं चिंतायचं. खेडोपाडी गाईबैलांनाही रंगीत पापडी खाऊ घालायची रीत होती. आपण पोळ्याला बैलाला पुरणपोळी देतो, तसंच.

या जेवणात मांस नसतं. मासे, मशरूम, कोबी, वाटाणे, बीट असे पदार्थ असतात, आणि परंपरेने ते मोजून बारा. येशूचे बारा शिष्य म्हणून बारा, असं बहुतेक सांगतात. काही वर्षाचे बारा महिने म्हणतात. जुन्या कडक उपवासात दूध-लोणीही चालत नसे. तेल कोणतं वापरत? जवसाचं. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल. आणि याच कारणाने त्या रात्रीचं जुनं गोड हे दुधातुपाचं नाही. ते धान्याचं, खसखशीचं, मधाचं आणि सुक्या मेव्याचं आहे.

पहिला पदार्थ 'कूत्या'. नावाला हसू नका. ही चक्क गव्हाची खीर आहे. भंडाऱ्याला आपण करतो, किंवा कोल्हापूर-सांगलीकडे खपली गव्हाची हुग्गी करतात, तिची ही लांबची बहीण समजा. फरक एवढाच की हिच्यात गूळ-दुधाऐवजी मध आणि वाटलेली खसखस असते, आणि ती पातळ नसते, चमच्याने खाण्याइतकी घट्ट असते.

कृती लिहून घ्या. एक वाटी गहू घ्या. त्याला पाण्याचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा, मग उखळात हलक्या हाताने सडा आणि कोंडा पाखडून टाका. उखळ नसेल तर खिरीचा सडलेला गहू दुकानात मिळतो. तो रात्रभर भिजत घाला. सकाळी तीन वाट्या पाणी घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या करा, मग दहा मिनिटं मंद आंचेवर ठेवा. दाणा बोटाने सहज चेपला पाहिजे, पण त्याचा लगदा होऊ देऊ नका. पाणी उरलं तर निथळून घ्या.

आता अर्धी वाटी खसखस. ती निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवा, उकळतं पाणी ओतून दोन तास ठेवा. मग पातळ फडक्यात गाळून पाणी पूर्ण निथळू द्या आणि बारीक वाटा. खसखस न वाटता घातली तर तिचा स्वाद उतरत नाही आणि ती दातांत अडकते. सगळी चव दाण्याच्या आतल्या तेलात असते, ते वाटल्यावरच सुटतं. पोलंडच्या बायकांकडे यासाठी 'माकुत्रा' नावाचं मातीचं खोलगट भांडं असतं. त्याला आतून रेघा असतात आणि लाकडी बत्त्याने त्यात खसखस घोटतात. आपण पाट्याला टाकी लावून घेतो, त्यामागचं कारण तेच. त्यांच्या भाषेत खसखशीला 'माक' म्हणतात. मक्याशी त्याचा काही संबंध नाही बरं का.

गहू कोमट झाला की त्यात खसखस, पाच-सहा चमचे मध, मूठभर मनुका, बदाम-अक्रोडाचे तुकडे आणि संत्र्याच्या सालीचा पाक मिसळा. मध गरम गव्हावर ओतू नका, वास उडून जातो. सालीचा पाक घरी होतो. संत्र्याची साल बारीक चिरून तीन वेळा पाणी बदलून उकळायची म्हणजे कडूपणा जातो, मग साखरेच्या पाकात पारदर्शक होईस्तोवर शिजवायची. आपल्या विदर्भात संत्र्यांची आणि सालींची वाण नाही. कूत्या दोन-तीन तास मुरू द्या. गार खायची असते.

आता या खिरीची खरी गोष्ट. कूत्या सगळ्या पोलंडची नाही. ती पोलंडच्या पूर्व भागातली, म्हणजे त्या वेळच्या व्हिल्नो, ल्वूव या शहरांच्या आसपासची. तिथे पोलिश, युक्रेनियन, बेलारूसी, लिथुआनियन असे लोक शेजारी राहायचे आणि ही खीर सगळ्यांच्याच घरी व्हायची. आणि सायबेरियात नेलेली माणसं याच पूर्व भागातून उचललेली होती. वळिवड्याला आलेल्या बायांपैकी बहुतेकींच्या माहेरची, सासरची ही खीर.

ती मुळात पितरांची खीर आहे. गहू म्हणजे पुन्हा उगवणारं जीवन, खसखस म्हणजे झोप आणि मृत्यू, मध म्हणजे गोडवा, असा तिचा अर्थ जुनी माणसं सांगत. गेलेल्या माणसांची आठवण काढून ती खायची. अक्षय तृतीयेला आपण घागर भरतो, पितृपक्षात खीर करतो, त्याच भावनेने. पूर्वेकडच्या काही खेड्यांत घरधनी चमचाभर कूत्या छताला फेकून मारायचा. जितके दाणे चिकटतील तितकं पुढचं पीक चांगलं, अशी समजूत. सारवलेलं घर कसं पुसून काढत असतील, ते त्या घरच्या बाईलाच ठाऊक.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. तोवर मोठ्या देशांनी बसून नकाशा बदलला होता. पोलंडचा तो पूर्व भाग रशियाच्या ताब्यात गेला आणि पोलंडपासून कायमचा तुटला. वळिवड्यातल्या बायांचं गाव आता त्यांच्या देशात उरलं नव्हतं. परतायचं कुठे? काही पोलंडमध्ये गेल्या, पण नव्या जागी. पुष्कळ जणी इंग्लंडला गेल्या, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला. पूर्व भागातून हलवलेले इतर लोक पोलंडच्या पश्चिमेला, व्रोत्स्वाफसारख्या शहरांत जाऊन राहिले. म्हणून आज ही पूर्वेची खीर पोलंडच्या पार पश्चिम टोकाला शिजते. शेत नाही, घर नाही, गावाचं नावही बदललेलं. पण २४ डिसेंबरला गहू भिजत पडतो. सामानात खीर बांधून नेता येत नाही, आणि कोणी हिसकावूनही घेऊ शकत नाही. हाताला ती येत असली की पुरे.

गहू, मध, खसखस, मनुका. यांतली कोणती वस्तू कोल्हापूरच्या बाजारात मिळाली नसती? नाताळच्या झाडासाठी लागणारं सूचिपर्णी झाड आपल्याकडे नाही, बर्फ नाही. पण खिरीचं सामान सगळं इथलंच.

दुसरा पदार्थ 'माकोव्येत्स', खसखशीची गुंडाळी. ही पोलंडभर होते. मैद्याची पोळी लाटून तिच्यावर खसखशीचं सारण पसरायचं आणि अळूवडीच्या उंड्यासारखी घट्ट गुंडाळून भाजायची. कापली की आत काळी-पांढरी चक्रं दिसतात. त्यांची खसखस निळसर-काळी असते. आपली पांढरी, म्हणून आपली गुंडाळी फिकट दिसेल. चवीत फार उणं नाही.

तीन वाट्या मैद्यात दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, एक चमचा कोरडं यीस्ट, पाव वाटी लोणी आणि लागेल तसं कोमट दूध घालून मऊ मळा. दीड तास झाकून ठेवा, दुप्पट फुगेल. सारणासाठी एक वाटी खसखस वर सांगितल्याप्रमाणे वाटून पाऊण वाटी साखर, थोडं लोणी, मनुका, अक्रोड आणि संत्र्याची साल घालून कढईत कोरडं होईस्तोवर परता. सारण ओलं राहिलं की गुंडाळी हमखास फुटते. दुसरी खबरदारी अशी की भाजण्याआधी गुंडाळीभोवती तूप लावलेला बटर पेपर सैलसर गुंडाळायचा. गुंडाळी फुगते तेव्हा कागद तिला आवरून धरतो. ओव्हन असेल तर १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं. नसेल तर जाड कढईत मिठाचा थर देऊन, ती दहा मिनिटं तापवून, स्टँडवर डबा ठेवून मंद आंचेवर पाऊण तास.

यीस्टची कटकट नको असेल तर सोपा प्रकार आहे. 'क्लुस्की' म्हणजे पिठाच्या उकडलेल्या पट्ट्या. त्यांत वाटलेली खसखस, मध आणि मनुका कालवतात. आपल्या घरी उन्हाळ्यात केलेले सरगुंडे किंवा शेवया असतीलच. आमरसाऐवजी या वेळी खसखस-मधासोबत खाऊन बघा. अर्ध्या तासात होतं.

तिसरा 'प्येर्निक', मसाल्याचा मधकेक. हे नाव ज्या जुन्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ मिरमिरीत, मिरीचा. आता पोलंडमध्ये मिरी पिकते का? दालचिनी, लवंग, सुंठ, वेलदोडा, जायफळ हे सगळं दूर पूर्वेकडून, पुष्कळसं आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, व्यापाऱ्यांच्या हातून हात बदलत तिथवर जायचं. तोरून नावाचं तिथलं एक जुनं शहर याच मधकेकासाठी नावाजलेलं आहे. मोठा खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस १४७३ मध्ये जन्मला तेही याच गावात. म्हणजे ज्या वासाला पोलंडचं मूल नाताळचा वास म्हणतं, तो आपल्या मिसळणाच्या डब्याचा वास आहे.

याची छोटी बिस्किटं सहज होतात. अर्धी वाटी मध, पाव वाटी किसलेला गूळ आणि पाव वाटी तूप एकत्र पातळ होईस्तोवर गरम करा, थंड होऊ द्या. त्यात दोन वाट्या कणीक किंवा मैदा, अर्धा चमचा खायचा सोडा आणि वर सांगितलेल्या मसाल्यांची पूड, दालचिनी-सुंठ जास्त, मिरी-लवंग चिमूटभर, अशी एकूण दोन चमचे घाला. गोळा रात्रभर झाकून ठेवा. मोठा केक करणाऱ्या बायका तर हे पीठ चार-चार आठवडे थंड जागी मुरवतात. मग लाटून चांदण्या कापा आणि भाजा. भाजल्यावर बिस्किटं कडक होतात, घाबरू नका. डब्यात सफरचंदाच्या सालीचा तुकडा ठेवा, दोन-तीन दिवसांत ती मऊ पडतात. साल मात्र रोज बदला, नाहीतर बुरशी धरेल. ही बिस्किटं बरेच दिवस टिकतात, म्हणून बचत गटाच्या बायांनी विचार करायला हरकत नाही.

शेवटी 'कोम्पोत', सुक्या फळांचं पाणी. त्यांच्याकडे धुरावर वाळवलेले आलुबुखारे, सफरचंद, नासपती घेतात. आपण सुका आलुबुखारा, अंजीर, जर्दाळू, मनुका, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा दीड लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचं. साखर घालायची गरजच पडत नाही. बारा पदार्थांनंतर पोटाला हेच बरं.

दोन सूचना. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, चाटवायचाही नाही, आणि खसखसही नको. दुसरं, खसखस महाग असते, कारण खसखशीचं पीक म्हणजेच अफूचं पीक. ते आपल्या देशात सरकारी परवान्यानेच, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात घेतात. परवडत नसेल तर निम्मी खसखस आणि निम्मे भाजून कुटलेले तीळ घ्या. संक्रांतीसाठी तीळ घरात आणायचेच असतात.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. विगिल्येच्या मेजावर माणसं मोजून एक ताट जास्त मांडतात. ते कोणासाठी? वाट चुकून दारात येईल त्या अनोळखी माणसासाठी. काही घरांत ते गेलेल्या माणसाचंही मानतात, आणि दूर असलेल्याचंही. युद्धाच्या काळात ज्यांचा नवरा फौजेत होता, ज्यांचं लेकरू सायबेरियात पुरलं होतं, त्या बायांनी ते ताट कोणाचं मानलं असेल, ते सांगायला नको. आणि त्याच वेळी त्या स्वतःही कोल्हापूरच्या दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याच होत्या. त्यांच्यासाठी इथे ताट मांडलं गेलं. त्याची आठवण दोन्हीकडे जपली आहे. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांचं स्मारक आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा इथे कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलिश लोक गेल्यावर वळिवड्याच्या त्या छावणीच्या जागेत फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर ते हेच. तिथल्या कापडबाजाराचं नाव आपल्याकडच्या दुकानदारांना माहीत आहे. एका विस्थापिताने रिकामी केलेली जागा दुसऱ्याच्या कामी आली.

मैत्रिणींनो, हा डिसेंबर आपल्याकडेही घरं कुलूपबंद असण्याचा महिना आहे. आपल्या जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं या दिवसांत ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेली असतात. संक्रांत त्यांची पालातच होते. आणि आपल्या गावाच्या कडेलाही कोणी परमुलखातून आलेलं असतं, विहीर खोदायला, रस्त्याच्या कामाला, मेंढरं घेऊन. या वेळी खीर कोणतीही करा, आपली दुधाची करा की पोलंडची मधाची. एक वाटी गहू जास्त भिजत घाला आणि त्या पालावर नेऊन द्या. जमलं तर त्या बाईला विचारा, तिच्या गावी सणाला काय करतात. ती कृती लिहून आमच्याकडे पाठवा. आपण ती रेडिओवर तिच्याच नावाने, तिला विचारून, सांगू.

पुढच्या भागात संक्रांतीच्या वाणाबद्दल बोलू. तोवर, कूत्या करणाऱ्या बायांनो, गहू आज रात्रीच भिजत घाला. नमस्कार.